राज्याबाहेरच्या निवडक विद्यापीठाला ‘अर्ली’ अर्ज करायचा का? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी निर्णयाच्या पायऱ्या

घर न्यू जर्सीत आणि मुलीच्या मनात मिशिगन, किंवा घर टेक्सासमध्ये आणि मुलाला जायचंय नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिलला. ज्युनियर इयरचा, म्हणजे अकरावीचा, उन्हाळा लागला की अशा घरांत एकच प्रश्न घोळत राहतो: अर्ली करायचं का, म्हणजे नेहमीच्या फेरीच्या आधीच अर्ज पाठवायचा का? या एका प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथंच असतं. बंधन नसलेला अर्ली अर्ज आणि बंधनकारक (होकार आला की जायचंच असा) अर्ली अर्ज यांच्यात नाव सोडलं तर फारसं साम्य नाही.

आमचं मत आधीच सांगतो. बंधन नसलेला अर्ली अर्ज, कागदपत्रं तयार असतील तर, जवळजवळ नेहमी करावा. बंधनकारक अर्ली हा मात्र आधी पैशाचा निर्णय आहे आणि मग प्रवेशाचा. हा क्रम उलटला की डिसेंबरात आनंदाची बातमी येते आणि जानेवारीत घरात अबोला धरला जातो.

पायरी पहिली: ‘अर्ली’ म्हणजे नेमकं कोणतं, ते विद्यापीठागणिक लिहून काढा

अर्ली अ‍ॅक्शनमध्ये अर्ज लवकर जातो, निकाल लवकर येतो आणि होकार आला तरी १ मेपर्यंत उत्तर द्यायचं बंधन नसतं. जॉर्जिया टेक, पर्ड्यू, मेरीलँड, विस्कॉन्सिन, इलिनॉय ही सरकारी विद्यापीठं या पद्धतीची.

अर्ली डिसिजनमध्ये होकार आला की जायचंच. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या करारावर असतात, आणि अशा पद्धतीने एका वेळी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. अंतिम तारीख साधारण १ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरात. दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला असते, तिचा निकाल फेब्रुवारीत. एरवी ही पद्धत खासगी विद्यापीठांची, पण व्हर्जिनिया विद्यापीठ आणि विल्यम अँड मेरी या सरकारी संस्थांतही ती आहे, आणि २०२५च्या हंगामापासून मिशिगननेही अर्ली अ‍ॅक्शनच्या जोडीला ती सुरू केली. त्यामुळे ‘सरकारी आहे म्हणजे बंधन नसणार’ हा जुना समज आता सोडून द्यायला हवा.

तिसरा प्रकार मर्यादित अर्ली अ‍ॅक्शन: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, नोत्र दाम. बंधन नाही, पण अटी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड तुम्हाला दुसऱ्या खासगी विद्यापीठाला अर्ली अर्ज करू देत नाहीत, मात्र सरकारी विद्यापीठाला बंधन नसलेला अर्ली अर्ज चालतो. म्हणजे येलचा अर्ली अर्ज आणि मिशिगन, चॅपल हिल, जॉर्जिया टेकचे अर्ली अ‍ॅक्शन अर्ज एकाच वेळी जाऊ शकतात. ही मुभा पुष्कळ घरांना माहीत नसते आणि चांगले तीन अर्ज उगाच जानेवारीपर्यंत थांबतात.

चौथा प्रकार म्हणजे रोलिंग. अर्ज येतील तसे बघायचे आणि निकाल काही आठवड्यांत द्यायचा. पिट्सबर्ग विद्यापीठ त्याचं चांगलं उदाहरण. अशा एखाद्या ठिकाणी सप्टेंबरात अर्ज टाकून ठेवला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक होकार हातात असतो, आणि बाकीचे निर्णय घाबरून घ्यावे लागत नाहीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखांना अर्ली हा प्रकारच नाही. अर्ज ऑक्टोबरपासून घेतले जातात, नोव्हेंबरअखेरीस बंद होतात आणि सॅट-अ‍ॅक्टचे गुण तिथे बघतच नाहीत. तिथे ‘अर्ली करू का’ हा प्रश्न उद्भवत नाही, पण ती तारीख मात्र अर्लीच्या धामधुमीत हमखास विसरली जाते.

पायरी दुसरी: राज्याबाहेरच्यांसाठी दार किती उघडं आहे, ते बघा

सरकारी विद्यापीठ आधी आपल्या राज्याच्या करदात्यांना बांधील असतं. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला पहिल्या वर्षाच्या वर्गात राज्याबाहेरच्यांची मर्यादा १८ टक्के आहे. टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिनला ९० टक्के जागा टेक्सासच्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा शाळेतल्या क्रमांकावर आपोआप भरतात. व्हर्जिनिया विद्यापीठात सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थी राज्यातलेच. जॉर्जिया टेक तर तारखाच वेगळ्या ठेवतं: जॉर्जियाच्या मुलांसाठी १५ ऑक्टोबरच्या सुमारास, बाहेरच्यांसाठी १ नोव्हेंबरच्या सुमारास, आणि बाहेरच्यांचा निकाल जानेवारीत.

म्हणून विद्यापीठाच्या पहिल्या पानावर छापलेला एकूण प्रवेशदर तुमच्या कामाचा नाही. चॅपल हिलला राज्याबाहेरच्यांचा दर दहा टक्क्यांच्या आत असतो, एकूण दर त्याहून बराच जास्त दिसतो. बहुतेक विद्यापीठं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक ठरावीक साच्यातला दस्तऐवज दरवर्षी प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यातला ‘सी’ विभाग प्रवेशाचा. सी-७ या तक्त्यात विद्यापीठ कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देतं ते असतं आणि त्यात ‘राज्याचा रहिवासी’ अशी एक ओळ आहे. सी-२१मध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज आणि होकार यांचे आकडे. सी-२२ अर्ली अ‍ॅक्शनचा. ‘एच’ विभाग आर्थिक मदतीचा, तो पुढच्या पायरीत लागेल.

सी-२१ वाचताना एक सावधगिरी. अर्ली डिसिजनचा दर नेहमीच्या फेरीपेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसतो म्हणून मूल लगेच उत्साहात येतं. पण त्या आकड्यात प्रशिक्षकाने आधीच निवडलेले खेळाडू असतात, काही खासगी ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि ज्यांची तयारी आधीच भक्कम आहे असे अर्जदारही याच फेरीत जास्त असतात. ही मंडळी वजा केली की उरणारा फायदा खरा असतो, पण तक्त्यात दिसतो तेवढा नसतो. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये तर बहुतेक ठिकाणी असा वेगळा फायदा देत नाहीत. तिथला फायदा निराळा आहे. मेरीलँडसारख्या ठिकाणी वर्गाचा फार मोठा भाग अर्ली अ‍ॅक्शनमधूनच भरतो आणि नेहमीच्या फेरीसाठी थोड्याच जागा उरतात. तिथे उशीर केला तर दार जवळजवळ मिटलेलं असतं.

पायरी तिसरी: पैशाचा हिशेब, अर्जाच्या आधी

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. एक पूर्ण शनिवार सकाळ, दोन्ही पालक, मूल आणि टॅक्स रिटर्नची फाइल एका टेबलावर, एवढी तयारी हवी. मुलाला यातून वगळू नका. करारावर सही त्याचीही असते.

आधी पूर्ण किंमत बघा. फक्त ट्यूशन बघू नका, ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ बघा. त्यात राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं धरलेलं असतं. मिशिगन आणि व्हर्जिनियाला राज्याबाहेरच्या मुलाचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. चॅपल हिल ६० हजारांच्या पुढे. पर्ड्यूने २०१३पासून ट्यूशन गोठवून ठेवलं आहे. तिथे राज्याबाहेरच्या मुलाची ट्यूशन आणि फी मिळून सुमारे २८ हजार ८००, म्हणजे राहण्या-जेवणासह चाळीस हजारांच्या आसपास. आवडती विद्यापीठं सारख्याच तोलाची वाटत असली तरी किमतीत दुपटीचा फरक असू शकतो.

मग चार वर्षांची बेरीज. पहिल्या वर्षाला चारने गुणणं ही नेहमीची चूक, कारण खर्च दरवर्षी वाढतो. ८० हजारांवर दरवर्षी ४ टक्के वाढ धरली तर चार वर्षांचे ८०,०००, ८३,२००, ८६,५२८ आणि ८९,९८९, म्हणजे एकूण जवळजवळ ३ लाख ४० हजार डॉलर. आपल्या राज्यातल्या विद्यापीठाचा खर्च ३८ हजार धरला, वाढ तेवढीच धरली, तर बेरीज १ लाख ६१ हजारांच्या आसपास येते. फरक सुमारे १ लाख ७८ हजार. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मगच विचारा की त्या विद्यापीठातून मिळणारं जे काही आहे, ते या किमतीचं आहे का. कधी कधी उत्तर मनापासून ‘हो’ असतं, आणि मग काहीच हरकत नाही.

यानंतर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती भरावं लागेल याचा अंदाज देणारं साधन. २०११पासून फेडरल कायद्याने प्रत्येक विद्यापीठाला तो आपल्या संकेतस्थळावर ठेवावाच लागतो. अर्धा तास लागतो. खरे आकडे भरा, निकालाचं पान पीडीएफ करून ठेवा, तारीख टाका. पुढे आर्थिक मदतीवरून वाद झालाच तर हेच पान कामाला येतं. धंदा असलेल्या, भाड्याने दिलेलं घर असलेल्या किंवा विभक्त झालेल्या पालकांच्या बाबतीत हा कॅल्क्युलेटर चुकीचा आकडा दाखवतो. त्यांनी थेट आर्थिक मदत कार्यालयाला फोन करावा. असे फोन त्यांना रोज येतात.

सरकारी विद्यापीठांत एक भेद फार महत्त्वाचा. चॅपल हिल आणि व्हर्जिनिया राज्याबाहेरच्या पात्र विद्यार्थ्याचीही पूर्ण सिद्ध झालेली गरज (खर्चातून घराची ऐपत वजा करून उरणारी रक्कम) भागवतात. मिशिगन तशी हमी राज्यातल्यांना देतं, बाहेरच्यांना नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ राज्याबाहेरच्यांकडून नेहमीच्या फीवर आणखी ३४ हजार डॉलरहून जास्त घेतं आणि त्या जादा रकमेसाठी गरजेवर आधारित मदत करत नाही. ‘एच’ विभागातल्या एच-२ तक्त्यात गरजेच्या सरासरी किती टक्के रक्कम भागवली ते दिसतं. तिथे ६०-७० टक्के दिसत असेल तर उरलेली रक्कम कुठून येणार, हे आधी ठरवा.

कर्जाचा रस्ताही आता अरुंद झाला आहे. मुलाच्या नावावरचं फेडरल कर्ज पहिल्या वर्षी फक्त ५,५००, चार वर्षांचं मिळून २७,०००. पालकांच्या नावाने मिळणाऱ्या पेरेंट प्लस कर्जाला पूर्वी खर्चाइतकी मुभा होती. २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा आली. वर काढलेल्या फरकाशी हे आकडे ताडून बघा.

आता आपल्या घरांत नेमकं जिथं अडतं ते.

फाफ्सा (फेडरल मदतीचा) आणि सीएसएस प्रोफाइल (विद्यापीठांच्या स्वतःच्या मदतीचा) हे मदतीचे दोन अर्ज. मिशिगन, व्हर्जिनिया, चॅपल हिल दोन्ही मागतात. दोन्ही साधारण १ ऑक्टोबरला उघडतात. फाफ्साला पैसे लागत नाहीत, सीएसएसचे पहिल्या विद्यापीठाला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. उत्पन्न बघितलं जातं ते अर्जाच्या आदल्या कॅलेंडर वर्षाचं. त्या वर्षी कंपनीचे शेअर विकले असतील, मोठा बोनस आला असेल, तर तुमचं उत्पन्न फुगलेलं दिसणार. ते एकवेळचं होतं हे सीएसएसच्या ‘विशेष परिस्थिती’च्या चौकटीत लिहा आणि कार्यालयालाही कागदांसह कळवा.

पुण्यातला फ्लॅट. तो तुमच्या नावावर असेल तर दोन्ही अर्जांत दाखवावाच लागतो. तुम्ही राहता ते घर फाफ्सा धरत नाही, पण भारतातलं दुसरं घर गुंतवणुकीत मोडतं. बाजारभाव डॉलरमध्ये काढा, त्यावरचं कर्ज वजा करा, उरेल ती किंमत लिहा. पालकांच्या मालमत्तेचा वर्षाला कमाल ५.६४ टक्के भाग ‘तुम्ही देऊ शकता’ असा धरला जातो. म्हणजे दोन लाख डॉलरच्या फ्लॅटमुळे वर्षाची मदत ११ हजारांपर्यंत घटू शकते. वडिलोपार्जित घरात काका-आत्यांचा हिस्सा असेल तर फक्त तुमचा हिस्सा लिहायचा, आणि घर आजी-आजोबांच्याच नावावर असेल तर ते तुमच्या अर्जात येत नाही. फ्लॅट कॅल्क्युलेटरमध्ये न भरल्यामुळे आलेला गोड आकडा आणि प्रत्यक्षात हाती पडलेलं पत्र यांतली तफावत अर्ली डिसिजनच्या घरांना जड जाते. आई-वडिलांना दरमहा भारतात पाठवत असलेली रक्कम, त्यांच्या आजारपणाचा खर्च, हेही विशेष परिस्थितीत लिहा. हमी नाही, पण लिहिल्याशिवाय कुणी विचारात घेणार नाही.

एवढं झालं की एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. *दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाचं पत्र न बघता, पूर्ण आकडा भरायची आपली तयारी आहे का?* उत्तर नाही किंवा ‘बघू’ असेल तर अर्ली डिसिजनचा विचार तिथेच थांबवा. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं हे खरं, पण ‘अपुरी’ कशाला म्हणायचं याचा हिशेब विद्यापीठ स्वतःच्या सूत्राने करतं. मदतीचा अर्जच केला नसेल तर ते कारण सांगताही येत नाही. आणि दुसरीकडून चांगली स्कॉलरशिप आली, हे सुटकेचं कारण मुळीच नाही.

एच-४वरची मुलं

एच-४ म्हणजे एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्या पालकांच्या मुलांचा व्हिसा. मूल दोन वर्षांचं असताना इथे आलं, सगळं शिक्षण इथेच झालं, पण ग्रीन कार्डची रांग अजून सरकलेली नाही. अशा मुलांना फेडरल मदत, फेडरल कर्ज, पेरेंट प्लस यांपैकी काहीच मिळत नाही. सरकारी विद्यापीठांतली ‘पूर्ण गरज भागवू’ ही हमी साधारण नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी असते. कित्येक खासगी विद्यापीठं मदतीच्या बाबतीत या मुलांना आंतरराष्ट्रीय गटात धरतात, आणि तिथे मदत मागितल्याचा परिणाम प्रवेशावरही होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशा मोजक्याच संस्था आंतरराष्ट्रीय अर्जदाराची आर्थिक गरज प्रवेश ठरवताना बघत नाहीत.

म्हणून ऑगस्टमध्येच विद्यापीठाला एक इमेल करा: “विद्यार्थी एच-४ व्हिसावर आहे, हायस्कूल अमेरिकेत, प्रवेशासाठी आणि मदतीसाठी त्याला कोणत्या गटात धरता?” लेखी उत्तर जपून ठेवा. मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो, म्हणजे पदवीच्या मधल्याच वर्षी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागू शकतं. एच-४वर आपल्या राज्याची इन-स्टेट फी मिळते की नाही, हे राज्यागणिक बदलतं. मिळत असेल तर राज्यातल्या विद्यापीठाचं पारडं आणखी जड होतं. या घरांनी बंधनकारक अर्ज फक्त पूर्ण रकमेची तजवीज असेल किंवा मदतीची लेखी खात्री असेल तरच करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पायरी चौथी: ऑक्टोबरात अर्ज खरंच तयार असेल का?

अर्ली फेरीत विद्यापीठाला दिसतात ते अकरावीपर्यंतचे गुण. दहावीत घसरण आणि अकरावीत उभारी असेल तर अर्ली ठीक. अकरावीतच घसरण झाली असेल आणि बारावीच्या पहिल्या सत्रात ती भरून निघणार असेल, तर नेहमीची फेरी जास्त हिताची, कारण त्या फेरीत नवे गुण दिसतात. अपवाद मेरीलँडसारख्या ठिकाणांचा: तिथे थांबण्याची किंमत घसरलेल्या गुणांपेक्षा जास्त.

सॅट: जॉर्जिया टेक आणि टेक्सास, ऑस्टिनला गुण द्यावेच लागतात. १ नोव्हेंबरच्या अर्जासाठी ऑक्टोबरची परीक्षा ही साधारण शेवटची खात्रीची संधी, निकालाला सुमारे दोन आठवडे लागतात. १५ ऑक्टोबरच्या अर्जासाठी ऑगस्टचीच धरा.

एसे ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. कॉमन अ‍ॅपचा (अनेक विद्यापीठांना एकाच जागेवरून अर्ज पाठवायचं संकेतस्थळ) मुख्य एसे ६५० शब्दांपर्यंत. मिशिगनचा ‘आमच्याकडेच का’ हा आणखी ५५० शब्दांपर्यंत, शिवाय ३०० शब्दांचा एक. जॉर्जिया टेकचा ३००. पाच विद्यापीठं धरली तर अडीच-तीन हजार शब्द सहज होतात, आणि प्रत्येकाचे निदान तीन खर्डे लागतात. ‘आमच्याकडेच का’ या प्रश्नाला क्रमवारी, सुंदर कॅम्पस आणि फुटबॉलची उत्तरं देऊन काही हाती लागत नाही. नेमका विषयक्रम, प्रयोगशाळा, त्या विभागाची शिकवण्याची पद्धत हे लिहावं लागतं. सोपी परीक्षा अशी: विद्यापीठाचं नाव पुसून दुसऱ्याचं घातलं आणि एसे तरीही चालला, तर तो अजून झालेला नाही. आणि आई-बाबांनी तो लिहू नये. पंचेचाळिशीतल्या माणसाची वाक्यं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

विषय कोणता मागायचा, हेही अर्लीच्या आधी पक्कं हवं. इलिनॉयला संगणकशास्त्रात थेट प्रवेश मिळाला नाही तर नंतर तिकडे वळणं फार कठीण, मिशिगन आणि पर्ड्यूलाही तो विषय सहज बदलून मिळत नाही. ‘आधी कशातही शिरू, मग संगणकशास्त्राकडे जाऊ’ ही युक्ती या ठिकाणी अंगाशी येते. अर्ली डिसिजनमध्ये तर दुप्पट, कारण दुसऱ्या पसंतीच्या विषयात होकार आला तर काय, याचं उत्तर आधी माहीत हवं. ते प्रवेश कार्यालयाला विचारून घ्या.

पायरी पाचवी: वेळापत्रक

मे महिन्यात, शाळा सुटायच्या आत, दोन शिक्षकांना शिफारसपत्रासाठी विचारा. सप्टेंबरात चांगल्या शिक्षकांकडे चाळीस जणांची रांग असते.

जून-जुलैत वरचा पैशाचा शनिवार, कॉमन डेटा सेटचं वाचन आणि जमल्यास भेट. बंधनकारक अर्ज करायचा असेल तर भेट द्याच, शक्यतो वर्ग चालू असताना. अ‍ॅन आर्बरचा (मिशिगन विद्यापीठाच्या गावाचा) हिवाळा फोटोत कळत नाही.

१ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप उघडतं. महिनाअखेर मुख्य एसे संपवा. शाळा सुरू होताच काउन्सेलरला यादी आणि तारखा द्या. बहुतेक शाळांची स्वतःची आतली तारीख विद्यापीठाच्या तारखेच्या दोन ते चार आठवडे आधी असते, आणि ती चुकली तर ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) वेळेत जात नाही.

चॅपल हिल आणि टेक्सास, ऑस्टिनचा अर्ली अ‍ॅक्शन १५ ऑक्टोबरच्या सुमारास. १ नोव्हेंबरच्या तारखा व्हर्जिनिया, मिशिगन, जॉर्जिया टेक, पर्ड्यू, मेरीलँड अशा कितीतरी. पर्ड्यू आणि मेरीलँडला स्कॉलरशिपच्या विचारासाठीही हीच तारीख पाळावी लागते. तारखा एखाद-दोन दिवस मागेपुढे होतात, म्हणून दर वर्षी विद्यापीठाच्या पानावरून उतरवून घ्या.

हा सगळा काळ नवरात्र, दसरा, दिवाळीचा. मंडळाच्या कार्यक्रमाच्या तालमी, फराळ, पाहुणे हे सगळं याच सहा आठवड्यांत येतं. कॅलेंडर एकत्र मांडा आणि अर्ज पाच दिवस आधी पाठवायची तारीख ठरवा. कॉमन अ‍ॅपवर पाठवण्यापूर्वी पीडीएफचं पूर्वावलोकन दिसतं. ते छापून कुणा तिसऱ्याला वाचायला द्या. दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव एसेत राहून गेल्याचं तिथेच सापडतं. पाठवल्यावर काही दिवसांत विद्यापीठाच्या पोर्टलचा इमेल येतो. आठवडाभराने उघडून ट्रान्सक्रिप्ट, गुण, शिफारसपत्रं पोचली का ते बघा. तो इमेल स्पॅममध्ये जाण्याचं प्रमाण बरंच आहे.

आणि आपल्या राज्याचं विद्यापीठ? न्यू जर्सीच्या घरांसाठी रटगर्सची अर्ली अ‍ॅक्शनची तारीखही १ नोव्हेंबरच आहे. बाहेरच्या पाच अर्जांच्या घाईत राज्यातला अर्ज मागे पडतो, आणि हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं होतं. तो अर्ज यादीत सर्वांत वर लिहा.

नेहमीच्या फेरीचे अर्जही नोव्हेंबरातच लिहून ठेवा. अर्ली डिसिजनचा निकाल डिसेंबराच्या मध्यावर येतो आणि बहुतेक तारखा १ ते ५ जानेवारीच्या. नकार पचवत दोन आठवड्यांत आठ एसे लिहायची वेळ मुलावर आणू नका.

निकालानंतर

अर्ली डिसिजनचा होकार आला तर मदतीचं पत्र लगेच वाचा, आकडा कॅल्क्युलेटरच्या पीडीएफशी ताडा, तफावत असेल तर त्याच आठवड्यात फेरविचाराची विनंती करा. सगळं जुळत असेल तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्या, अर्ली अ‍ॅक्शनचे आणि रोलिंगचेही. ‘बघूया कुठे कुठे मिळतं’ म्हणून ते चालू ठेवणं म्हणजे करार मोडणं, आणि त्याचा त्रास त्याच शाळेतून पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांना होऊ शकतो, कारण विद्यापीठं काउन्सेलरच्या सहीवर विश्वास ठेवून हा कारभार चालवतात.

‘डिफर्ड’ असं उत्तर आलं तर अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा वाचला जाणार, आणि अर्ली डिसिजनचं बंधन तिथे संपतं. आधी विद्यापीठाच्या सूचना वाचा: काहींना पत्र चालतं, काहींचा ठरावीक फॉर्म असतो, काहींना गुणांशिवाय काहीच नको असतं. पत्र चालत असेल तर एका पानाच्या आत, अर्ज पाठवल्यानंतर नवं काय घडलं तेवढंच: पहिल्या सत्राचे गुण, एखादं पूर्ण झालेलं काम, आणि होकार दिलात तर नक्की येऊ हे वाक्य. ते वाक्य खरं असेल तरच. पहिल्या सत्राचे गुण काउन्सेलरकडून पाठवून घ्यायला विसरू नका.

अर्ली अ‍ॅक्शनचा होकार असेल तर १ मेपर्यंत वेळ आहे. एप्रिलमध्ये सगळी पत्रं शेजारी ठेवून प्रत्येकाच्या पूर्ण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा. कर्ज वजा करू नका, ते फेडायचं आहे. वर्क-स्टडीही नको, कारण ते पैसे मूल काम करेल तसे मिळतात, बिलातून कमी होत नाहीत. स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का आणि ती टिकवायला किती जीपीए लागतो, हे प्रत्येक पत्रावर पेन्सिलीने लिहा. वसतिगृहाची नोंदणी काही विद्यापीठांत १ मेच्या कितीतरी आधी उघडते आणि तिची रक्कम वेगळी असते. ती परत मिळते की नाही हे विचारूनच भरा.